झाकणाच्या आतली बाजू

पुण्याहून मेल आला. फोटो पाहून अंदाज:
पूर्ण सर्व्हिस, अठ्ठावन्न हजार, जीएसटी वेगळा,
दहा ते बारा आठवडे.
डायल बदलावी लागेल, काटेही.
बॉडीला पॉलिश करून मूळ चमक आणून देऊ.
मग आप्पांचं काय उरेल, असं मी विचारलं नाही.
तसा रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं.
पहाटेचे की दुपारचे, कोण सांगणार.

आप्पा हळदीचे अडते.
सौद्यात रुमालाखाली चालायचा तो उजवा हात;
डावा घड्याळाचा, कायम उघड्यावर.
पट्ट्याच्या भोकांत अजून पिवळं आहे.
"कंपनीशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही," म्हणायचे,
"मुंबईलाच जातं हे."
आणि आम्ही पाव्हण्यारावळ्यांत सांगायचो,
आप्पांचं घड्याळ मुंबईला गेलंय,
जसा एखाद्याचा मुलगा शिकायला जातो.

शीतल म्हणतो, कंपनीलाच दे ताई,
उद्या विकायचं झालं तर कागद लागतो.
विकायचं कोण म्हणालं?
त्याची बायको म्हणते, कोल्हापुरात एक जण आहे,
दोन तासांत हातात देतो.
दोन तासांत माझं पुरणसुद्धा वाटून होत नाही.

शेवटी हरभट रोडला गेले,
दस्तगीर शिकलगारांकडे. दोन माणसांच्या रुंदीचं दुकान.
भिंतीवर पुराच्या दोन रेघा, पाचची आणि एकोणीसची,
वरची रेघ त्यांच्या टोपीच्याही वर.
त्यांनी आधी हात धुतले, पुसले,
मग बंद घड्याळ कानाला लावलं.
मला हसू आलं. त्यांना नाही.

झाकण फिरवलं. भिंग डोळ्यात.
बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग भिंग माझ्याकडे सरकवलं, "बघा."
आतल्या स्टीलवर, केसाहून बारीक, कोरलेलं:
द. शि. ८४
द. शि. ८८
द. शि. ९३
त्यापुढे अजून दोन, शेवटचं जरा तिरकं.

"माझंच अक्षर. बाजार उठला की यायचे.
काम दोन दिवसांचं. पण म्हणायचे, पंधरा दिवस ठेव,
मुंबईचा वेळ भरला पाहिजे."

म्हणजे ते पंधरा दिवस
घड्याळ घरापासून सात मिनिटांवर,
या पत्र्याच्या ड्रॉवरमध्ये चालत होतं,
आणि आप्पा जेवताना
मनगटावरच्या फिकट गोलाकडे बघून
आम्हाला वेळ विचारायचे.

"मग तुम्हीच करा," मी म्हटलं.
त्यांनी हात काउंटरवर पालथा ठेवला.
थरथर होती. फार नाही.
पण या कामात फार म्हणजे किती?
"आणि पार्ट कंपनी बाहेर देत न्हाई, ताई,
रबराची एक रिंग देत न्हाई.
पुण्यालाच धाडा. फकस्त मोठ्या अक्षरात लिवा:
डायल बदलू नका. पॉलिश नको.
काढलेला जुना माल परत पाठवा.
आन् झाकण हेच बसवा."

मी म्हटलं, मग आजची खूण तरी करा, एवढी एक.
"काम केल्याबिगर सही करत न्हाई मी."
झाकण उघडायचे वीस रुपये झाले.
सुटे नव्हते, तर पन्नासातले तीस
मोजून परत दिले.

विश्रामबागेतल्या कुरिअरवाल्याकडून डबा आणला,
त्यावर सूचना लिहिल्या, मोठ्या अक्षरात.
डब्यात अजून काही नाही.

रात्री शीतलचा फोन. गेलं का घड्याळ?
गेलं, म्हटलं, मुंबईला.
पुण्याला ना?
हो, पुण्याला.

उशाखाली हात घातला.
चार वाजून दहा.